सोनकीचं पानी

बसलात का सगळी नीट? ज्याला चुळबुळ करायचीय त्यानं आत्ताच करून घ्या. एकदा मी सुरू झाले की मध्येच "मग? मग?" केलेलं मला मुळीच खपत नाही. मग काय झालं ते मी सांगणारच आहे, त्यासाठीच तर बसलेय!

पळसबनाच्या कडेला एक इवलीशी वाडी होती. वाडीच्या टोकाला शेणानं सारवलेली एक चिमुकली झोपडी, आणि त्या झोपडीत राहायची सोनकी, आपल्या आईबरोबर. आईचं नाव तुळसा. तुळसा पळसाची पानं बारीक काड्यांनी टाचून पत्रावळ्या करायची आणि बाजारात नेऊन विकायची. लग्नाकार्यात लोक त्या पत्रावळ्यांवर बुंदी आणि जिलबी हाणायचे. पत्रावळी करणारीच्या घरी मात्र भाकरी असली तर कालवण नसायचं, आणि कालवण असलं तर भाकरी नसायची. सोनकीच्या परकराला लाल, निळी, पिवळी, जांभळी इतकी ठिगळं होती की आपला मूळचा रंग कोणता हे त्या परकरालाही आठवत नसेल.

पण ही एवढीशी पोरगी लेखिका होती बरं! हसू नका. खरीखुरी लेखिका. कागद नव्हता, शाई नव्हती, म्हणून ती काय अडून बसली नाही. पत्रावळीला चालणार नाहीत अशी फाटकी पानं ती बाजूला काढायची आणि बाभळीच्या काट्यानं त्यांवर गोष्टी लिहायची. काट्याचा ओरखडा थोड्या वेळानं तपकिरी होतो आणि हिरव्यागार पानावर अक्षरं उमटतात. रोज दुपारी वाडीतली चिल्लीपिल्ली तिच्याभोवती कोंडाळं करून बसायची आणि सोनकी वाचायची. ती वाचायला लागली की शेंबडं पोर शेंबूड ओढायचंसुद्धा विसरायचं! वाईट एवढंच की पानं लवकर वाळायची आणि गोष्टींचा चुरा व्हायचा. एकदा तर एक अख्खी गोष्ट बकरीनं खाल्ली, आणि खाऊन झाल्यावर आणखी आहे का म्हणून बघत उभी राहिली.

शेजारच्या गावात शाळा होती. तिथे काचेचं एक उंच कपाट होतं. त्यात लाल पुठ्ठ्याची, निळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं होती, आणि कपाटाला होतं भलंमोठं कुलूप. सोनकी काचेला नाक लावून उभी राहायची. त्या कुलपाची किल्ली आबाजी मास्तरांच्या खिशात असायची, आणि दुसऱ्या खिशात असायचा लाल खडू. मास्तर माणूस वाईट नव्हते, पण शुद्धलेखनाचं नाव काढलं की त्यांच्या अंगात यायचं.

एके दिवशी सोनकीनं पाटीवर लिहिलं, 'पानी'. झालं! मास्तरांनी त्याला लाल खडूचं गोल वेटोळं घातलं.

"न नळातला, ण बाणातला! किती वेळा सांगायचं? पाणी! बाणातला ण!"

सोनकीनं मान वर केली. "मास्तर, नळातनं काय येतं?"

"पाणी येतं."

"आन बानातनं?"

वर्ग खुसुखुसू हसायला लागला.

"मंग पानी नळातल्या न नं लिवलं तर काय बिघडलं?"

मास्तरांचे कान लालबुंद झाले. "फार शहाणी झालीस! नीट लिहायला येईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. अशुद्ध लिहिणाऱ्यांची पुस्तकं होत नसतात, समजलं?"

सोनकीचे डोळे भरून आले, पण तिनं एक थेंबही गालावर येऊ दिला नाही. "माजी आई जशी बोलती तशीच मी लिवनार," ती म्हणाली, आणि पाटी काखेत मारून घरी आली.

त्या साली चैत्र सरता सरता वाडीची विहीर आटली. तळाला नुसता भेगाळलेला चिखल उरला. आता पाण्यासाठी टेकडी ओलांडून पार नदीवर जायचं. बाया निघायच्या मोठ्या कळश्या घेऊन, पोरं निघायची छोट्या चरव्या घेऊन, आणि परत येईतो दिवस कललेला असायचा. पोरं एवढी दमायची की हातातला घास हातात ठेवून झोपी जायची. सोनकीनं डुबी नावाच्या बेडकीची नवीकोरी गोष्ट लिहिली होती, पण ऐकायला बसणार कोण? गोष्टीची दुपारच हरवली होती. तहान तर सगळ्यांनाच होती, पण सोनकीला हे जास्त लागलं. तिला राग आला, विहिरीचा आणि सूर्याचासुद्धा.

त्याच रागात ती एका सकाळी पानं आणायला बनात गेली. बनात बहावा फुलला होता. पिवळेधमक घोस खाली लोंबत होते आणि वाऱ्याची झुळूक आली की नाजूक पाकळ्या भुरुभुरु खाली यायच्या. आणि शेजारच्या बाभळीच्या काट्यांत काहीतरी चमचम चमचम करत होतं!

सोनकी जवळ गेली. बघते तर काय, तळहाताएवढी एक परी! मोरपंखी झगा, कपाळावर दवबिंदूची टिकली, आणि रुपेरी काठाचे दोन पंख. त्यातला एक पंख काट्यात अडकून टर्रकन फाटलेला.

"हलू नगंस गं, आनखी फाटंल!" सोनकी म्हणाली. तिनं हलक्या हातानं एकेक काटा बाजूला केला. मग गवताची एक बारीक काडी घेतली, फाटलेल्या कडा एकमेकींवर ठेवल्या आणि आई पान टाचते तशी, इकडून आत आणि तिकडून बाहेर, काडी ओवत गेली. आई नेहमी सांगायची की पानालाबी दुखू नये असा टाका घालावा. परीनं डोळे मिटून घेतले होते, पण तिला काही कळलंच नाही. पंख हलवून बघितला तर छान हलला.

"गोड मुली," परी म्हणाली, आणि तिचा आवाज इवल्या घुंगरांसारखा किणकिणला, "मी शब्दपरी. जगातला प्रत्येक शब्द मला ठाऊक आहे. तू माझा पंख सांधलास, तर माझ्याकडे एक इच्छा माग. मात्र नियम नीट ऐक. इच्छा बोलायची नाही, स्वतःच्या हातानं लिहायची. लिहिलेलं खोडायचं नाही. आणि जे लिहिशील तेच होईल. तुझ्या मनात काय होतं, हे जादू विचारत बसत नाही."

सोनकीच्या डोळ्यांसमोर लगेच एक पुस्तक आलं. पांढऱ्याशुभ्र पानांचं, न वाळणारं, बकरीला न आवडणारं. तिनं काटा हातात घेतलासुद्धा. पण मग तिला हातात घास घेऊन झोपलेली पोरं आठवली. पुस्तक मिळालं तरी ऐकायला जागं कोण असणार?

"परीबाई," ती म्हणाली, "आमची गोष्टीची दुपार नदीनं नेलीया. ती मला परत पायजे."

आणि तिनं पळसाच्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'आमच्या विहिरीत काठोकाठ पानी येऊ दे.'

परीनं ते वाचलं आणि तिच्या इवल्याशा कपाळावर आठी पडली. पान तिला ठाऊक होतं. पाणी तिला ठाऊक होतं. पण हे 'पानी' काय? विचारायचं तरी कसं? जगातला प्रत्येक शब्द येतो म्हणून आत्ताच सांगून बसलेली ना! "पानंच म्हणायचं असेल," असं पुटपुटत तिनं आपली चंदेरी काडी फिरवली.

आणि काय सांगू! साऱ्या बनात सळसळ उठली. कोवळी पोपटी पानं, तांबूस पानं, गर्द हिरवी पानं, थव्याथव्यानं उडाली आणि वाडीच्या दिशेनं निघाली. सोनकी "थांबा! थांबा!" करत मागे धावली, पण पानं काय थांबतात?

ती वाडीत पोचली तेव्हा विहीर काठोकाठ भरली होती. पानांनी! बाया रिकाम्या कळश्या घेऊन आ वासून उभ्या होत्या. पोरं पानांत गळ्याइतकी बुडून खिदळत होती, आणि बकरीच्या आनंदाला तर सीमाच नव्हती.

"सोनकीअक्का!" चिमुरडी भागी ओरडली. "हिरीत पाला आला!"

परी विहिरीच्या काठावर येऊन बसली. "जे लिहिलंस ते झालं," ती म्हणाली.

"मी पानी लिवलं व्हतं!"

"तेच तर चुकलं ना, बाळ. पाणी लिहायला हवं होतं. बाणातला ण."

"हितं बी बान!" सोनकीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"चिडू नकोस. खोडता येत नाही, पण एकदा दुरुस्त करता येतं," परी हळूच म्हणाली. "न चा ण कर, की लगेच विहीर भरेल. फक्त एक आहे. दुरुस्त केलेला शब्द जगातून पुसला जातो. मग 'पानी' तुझ्या तोंडी येणार नाही, तुझ्या आईच्याही नाही आणि वाडीत कुणाच्याच नाही."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तुळसा पुढे आली. पदराला हात पुसत, खाली बघत ती म्हणाली, "सुधार की गं बाई. जाऊ दे एक शब्द. आपलं बोलनं अडानीच. पोरांचं पाय तरी वाचतील."

आई खाली बघून बोलली ना, तेच सोनकीला सहन झालं नाही. तिच्या छातीत काहीतरी लाहीसारखं तडतडलं.

"का म्हून खाली बगतीस, आये? मला ताप भरला व्हता तवा रातभर उशाला बसून कोन म्हनत व्हतं, सोने, पानी घेती का, घोटभर पानी घे? त्या शब्दानं माजा घसा गार झाला. त्यो चुकीचा कसा आसंल?" आणि ती गर्रकन परीकडे वळली. "परीबाई, माजा शब्द चुकला न्हाई. तुमाला त्यो येत न्हाई. जगातले समदे शब्द येत्यात म्हनला ना? ह्यो न्हाई येत. मंग शिका!"

परीचे पंख रागानं थरथरले आणि त्यांतून निळ्या-जांभळ्या ठिणग्या उडाल्या. "परीला शिकवतेस?"

"व्हय. बसा हितं."

आजवर परीला कुणी 'बसा हितं' म्हटलं नव्हतं. त्यामुळे ती बसली. "ठीक आहे," ती नाक उडवून म्हणाली. "मला जो शब्द मनापासून कळतो तोच माझ्या जादूला कळतो, नुसतं 'पानी म्हणजे पाणी' सांगून भागणार नाही. सूर्य मावळायच्या आत मला तो कळला तर विहीर भरेल. नाही कळला, तर मी जाईन आणि तुझी इच्छाही जाईल."

"पानी म्हंजी ओलं असतं, गार असतं," सोनकी सांगायला लागली.

"म्हणजे दव."

"न्हाई हो. तहान लागली की पितात ते."

"तहान म्हणजे काय?" परीनं विचारलं. ती बिचारी जन्मभर फुलांतलं दव चाटत आलेली. तिला तहान लागलीच नव्हती कधी! सोनकी डोक्याला हात लावून बसली. जिचा घसा कधी सुकलाच नाही, तिला समजावून काय उपयोग? समजावून भागणार नव्हतं.

मग तिनं आपल्या झोपडीतून डुबीची पानं आणली. पोरं विहिरीतून बाहेर येऊन कोंडाळं करून बसली, बाया कळश्या खाली ठेवून बसल्या, आणि सोनकी वाचायला लागली.

"एक व्हती बेडकी. तिचं नाव डुबी. ती हिरीत ऱ्हायची आन दिसभर डुबकी मारायची. एक दिस काय झालं, डुबी डुबकी मारायला गेली आन तिचं डोकं खडकावर टन्नकन आपटलं! पानीच न्हाई! मंग डुबी निगाली पानी शोधायला. वर ऊन रखरखतंय, खाली दगड तापलाय. एक पाय ठिवती, चटका! दुसरा ठिवती, चटका! अंगावरची वल सुकली, जीब टाळूला चिकटली, आन डुबी म्हनती कशी,

पानी पानी, कुटं गं पानी?
वाटंत धूळ, डोळ्यांत पानी!"

"पानी पानी, कुटं गं पानी," पोरं एका सुरात म्हणाली. परी काठावरून जराशी पुढे सरकली.

"डुबी गेली वढ्याकडं. वढा म्हनला, माज्याकडं वाळू हाय, घेती का? डुबी गेली आभाळाकडं बगत. आभाळ म्हनलं, माज्याकडं ऊन हाय, देऊ का? चालून चालून डुबीची कातडी चिंचंच्या टरफलावानी झाली. घशात शबुद येईना. व्हट फुटले. आवंडा गिळाया गेली तर आवंडाबी न्हाई..."

परीनं आवंढा गिळून बघितला. मग ओठांवरून जीभ फिरवली. हे काय होतंय? तिच्या कपाळावरची दवाची टिकली केव्हाच उडून गेली होती. मोरपंखी झगा कोमेजला होता. घशाशी काहीतरी टोचत होतं, कोरडं, खरखरीत, आणि ते जाता जात नव्हतं.

"मग?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं. (बघितलंत? परीसुद्धा मध्येच बोलते!)

"मंग डुबीला लांब एक खड्डा दिसला," सोनकी म्हणाली. "खड्ड्यात कायतरी चमकत व्हतं. डुबीनं सारं बळ एकवटलं, उडी मारली, आन..."

इथे सोनकी थांबली. पान बाजूला ठेवून शांत बसली. अस्सल लेखिका होती ती, कुठे थांबायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

"आणि? आणि काय?" परी उठून उभी राहिली. दोन्ही हात गळ्याशी नेऊन ती ओरडली, "अगं, सांग ना! नाही, थांब, आधी पानी! माझा जीव चाललाय, मला पानी द्या कुणीतरी, पानी!"

परीनं चटकन तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता.

तुळसा उठली. कळशीच्या तळाशी नदीवरून आणलेलं घोटभर उरलं होतं, तिच्या स्वतःच्या वाटचं. तिनं पळसाच्या पानाचा चिमुकला द्रोण केला, त्यात ते ओतलं आणि परीच्या ओठांना लावला. "घे माय," ती म्हणाली, "पानी घे." या वेळी तिनं मान खाली घातली नव्हती.

परी प्यायली. घोट घशाखाली उतरला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा आसवं वाहायला लागली. "हे पानी," ती म्हणाली. "हे मला ठाऊकच नव्हतं. चुकलं माझं, सोनकी. तुझा शब्द बरोबर होता, माझं शिकणं अपुरं होतं."

तिचं बोलणं संपतंय तोच खालून आवाज आला, गुडगुड, गुडगुड! विहिरीतली पानं हलली, मग हळूहळू वर आली, आणि त्यांच्या फटींतून निळंशार पाणी झुळझुळायला लागलं. काठोकाठ! "पानी आलं! पानी आलं!" पोरं नाचायला लागली. भागी तर चरवीसकट नाचली.

परीचं अंग उजळत चाललं. पंखांतून सोनेरी, गुलाबी, मोरपंखी किरणं फुटली. "माझी वेळ झाली," ती म्हणाली. "तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, म्हणून ही सगळी पानं तुला. ही वाळणार नाहीत, फाटणार नाहीत, आणि बकरीला कडू लागतील. लिही. जसं येतं तसं लिही. पण सोनकी, त्या डुबीचं पुढे काय झालं?"

"बसा की, वाचते!"

"इच्छा पुरी झाली की परीला थांबता येत नाही गं!" परी अगदी काकुळतीला येऊन म्हणाली. मग लखकन प्रकाश पडला, सगळ्यांचे डोळे दिपले, आणि काठावर कोणी नव्हतं.

गोष्टीची दुपार परत आली. सोनकीनं डुबीची गोष्ट नव्या पानांवर लिहिली आणि तुळसानं ती पानं काड्यांनी टाचून तिचं सुरेख पुस्तक केलं. त्या पुस्तकाची कीर्ती एवढी झाली की शेजारच्या गावची पोरंही दुपारी वाडीत येऊन बसायला लागली. शाळेचे बाक रिकामे पडले, तेव्हा पोरं जातात कुठे ते बघायला आबाजी मास्तर स्वतः आले.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि वाचता वाचता उन्हात उभे आहोत हेही विसरले. प्रत्येक 'पानी'पाशी त्यांचा हात खडूच्या खिशाकडे जायचा, पण पुढचं वाचायच्या घाईत तसाच परत यायचा.

"सोनकी," शेवटी ते म्हणाले, "गोष्ट छान आहे. फारच छान आहे. एवढा एक शब्द नीट कर, मी हे पुस्तक कपाटात ठेवतो. सगळ्यांत वरच्या फळीवर, सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांशेजारी."

किती वर्षं ती त्या काचेला नाक लावून उभी होती!

"कपाटाला कुलूप आसंल न्हवं, मास्तर?"

"असणारच."

"मंग नगं." तिनं दोन्ही हात पुढे करून पुस्तक परत घेतलं. "शब्द बदलनार न्हाई आन पुस्तक कोंडनार न्हाई. माजं पुस्तक हितंच ऱ्हाईल, पोरांच्या हातांत. मळंल, पन ऱ्हाईल." मग मास्तरांचा पडलेला चेहरा बघून तिला जरा हसू आलं. "तुमचीबी पुस्तकं आना की हितं. आमच्याकडं दुपार लई हाय."

मास्तरांनी खिशातल्या किल्लीवरून एकदा हात फिरवला. पोरं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती.

"सरका रे जरा," ते म्हणाले, आणि धोतर सावरून पोरांच्या कोंडाळ्यात, भागीच्या शेजारी, मातीत बसले. सोनकीनं पहिलं पान उघडलं आणि परी जिथे असेल तिथवर, पार टेकडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.